मोटारीच्या पाटीवरची इंग्रजी



आज मी बियाण्याविषयी किंवा खताविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते शब्दांविषयी. तुमच्या विहिरीवर मोटार आहे, पंपघरात स्टार्टर आहे, खांबावर फ्यूज आहे. या साऱ्यांवर इंग्रजी शब्द लिहिलेले असतात, आणि आपण ते रोज बोलतोही. करंट, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, ट्रिप, ओव्हरलोड. हे शब्द जिभेवर बसले आहेत, पण त्यांचा नेमका अर्थ आपल्याला कुणी बसून सांगितलेला नाही. त्यामुळे शब्द एक आणि समजूत दुसरी, असं होतं. या घोळात कधी मोटार जळते, तर कधी माणूस दगावतो.

पुष्कळ जण म्हणतात, "साहेब, आम्हाला इंग्रजी येत नाही, ते वायरमनचं काम." पण मी तुम्हाला विचारतो, मोट चालत होती तेव्हा नाडा कोणता, सोंदूर कोणता, धाव कुठली आणि थारोळं कुठलं, हे आपल्या वाडवडिलांना कुठल्या शाळेनं शिकवलं होतं? ज्याचं काम त्याचे शब्द त्याला येतातच. मोटारीचे शब्दही तितकेच आहेत, दहा-पंधरा. शिवाय त्यातले काही शब्द तर मुळात इंग्रजी नाहीतच, ती माणसांची नावं आहेत. व्होल्ट हे नाव इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञावरून आलं. त्यानं १८०० साली विजेची पहिली बॅटरी जगापुढे मांडली. अँपिअर हा फ्रान्सचा शास्त्रज्ञ. वॅट हा स्कॉटलंडचा, वाफेचं इंजिन सुधारणारा. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून त्यानं घोड्याचा हिशेब मांडला, आणि तोच हॉर्सपॉवर म्हणून आजपर्यंत चालत आला. तेव्हा हे शब्द इंग्रज माणसालाही शिकावेच लागतात. आपण लाजायचं कारण नाही.

आता ज्या तीन शब्दांनी सर्वात जास्त घात होतो, ते आधी घेऊ.

पहिला शब्द : करंट

उन्हाळ्यात पंपघरात मोटार घुरघुरते, पाणी बारीक येतं. आपण काय म्हणतो? "आज करंट कमी आहे." बंधूंनो, हे वाक्य उलटं आहे. त्या वेळी कमी असतं ते व्होल्टेज. करंट त्या वेळी जास्त झालेला असतो.

हे नीट समजून घ्या. समजा, तुम्हाला विहिरीवरून घागरीनं पाणी आणून हौद भरायचा आहे. व्होल्ट म्हणजे घागरीचं माप आणि अँपिअर म्हणजे खेपा. करंट मोजायचं माप ते अँपिअर. घागर मोठी असेल तर खेपा कमी लागतात. कुणी घागर काढून घेऊन हातात तांब्या दिला, आणि हौद मात्र तेवढ्याच वेळात भरायला सांगितला, तर काय होईल? खेपा वाढतील, पाय भरून येतील. मोटारीचं तसंच आहे. तिच्यावरचं पाणी उपसायचं ओझं जवळपास तेवढंच राहतं. व्होल्ट घटले की ती अँपिअर जास्त ओढते.

आकड्यात सांगतो. एखाद्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या पाटीवर ४१५ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर लिहिलेलं आहे. व्होल्टेज ३३० वर उतरलं, तर तेवढ्याच कामाला तिला साधारण साडेनऊ अँपिअर लागतील. वाइंडिंगमधली उष्णता तर दीडपटीच्याही वर जाते. वाइंडिंगच्या तारेवरचा लेप किती दिवस टिकणार?

आता चुकीच्या शब्दानं घात कसा होतो ते बघा. माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराचा स्टार्टर सारखा पडायचा. त्याची समजूत अशी की करंट कमी येतो म्हणून स्टार्टर पडतो. त्यानं रिलेचा काटा ६ वरून १० वर नेला. स्टार्टर पडायचा थांबला. गडी खूश. चौथ्या दिवशी मोटारीतून धूर आला. ऊस उभा, पाळी चुकली, आणि वाइंडिंगचा खर्च अंगावर. करंट जास्त होतोय, हे स्टार्टर त्याला पडून पडून सांगत होता. शब्द उलटा असल्यामुळे त्यानं सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

म्हणून पंपघरात व्होल्टमीटर आणि अँमीटर असे दोन्ही बसवून घ्या. व्होल्टमीटर वीज कंपनीकडून काय आलं ते सांगतो, अँमीटर मोटार काय ओढते ते सांगतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला साधारण ३५० च्या खाली व्होल्टेज असेल तर बटण दाबू नका. आणि यापुढे "करंट कमी आहे" म्हणू नका, "व्होल्टेज कमी आहे" म्हणा.

दुसरा शब्द : क्लोज

हा शब्द माझ्या जिवावर बेतला होता. उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. एका पंपघरात मी मोटारीच्या वायरी सोडवत होतो. दोन्ही हात वायरींवर. बाहेर मेन स्विचजवळ माझा जोडीदार उभा होता. त्यानं ओरडून विचारलं, "क्लोज करू का?" मला वाटलं, स्विच चुकून चालूच राहिला आहे आणि हा बंद करू का म्हणून विचारतोय. मी घाईनं म्हटलं, "कर, कर." त्यानं खटका वर ओढला. म्हणजे चालू केला.

आज मी तुमच्यासमोर बोलतोय ते एकाच कारणानं. ज्यांना आपण किटकॅट म्हणतो, ते तिन्ही फ्यूज मी आधीच काढून खिशात टाकले होते. ती सवय मला माझ्या उस्तादांनी लावली होती.

चूक कुणाची? दोघांचीही नाही, आणि दोघांचीही. शाळेत आपण शिकतो, क्लोज म्हणजे बंद. दार क्लोज, दुकान क्लोज. पण विजेच्या भाषेत क्लोज म्हणजे वाट जुळली, साखळीची कडी कडीत बसली, वीज वाहू लागली. ओपन म्हणजे वाट तुटली, वीज थांबली. नळ उघडला की पाणी सुरू होतं, विजेची वाट उघडली की वीज थांबते. अगदी उलट. स्विचवर माणसं काम करीत असताना लावायच्या इंग्रजी पाटीवर क्लोज करू नका असं लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ चालू करू नका असा आहे.

म्हणून घरात एक नियम करा. विजेच्या कामात क्लोज आणि ओपन हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. चालू आणि बंद, एवढंच बोलायचं. समोरच्यानं ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. तुम्ही म्हणालात "बंद कर", तर त्यानं खटका ओढून म्हणायचं, "बंद केला." आणि तेवढ्यावरही विसंबायचं नाही. फ्यूज काढून आपल्या खिशात, मग टेस्टर लावून तिन्ही फेज तपासायच्या, आणि मगच परवानाधारक वायरमननं हात घालायचा. खांबावर किंवा डीपीवर तर आपण चढायचंच नाही. लाईन बंद आहे असं कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी नाही. शेजारच्या जनरेटरमधूनही वीज उलटी येऊ शकते.

तिसरा शब्द : न्यूट्रल

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असला की आपण निर्धास्त असतो. त्यावरून वाटतं, न्यूट्रलची तार म्हणजे निरुपद्रवी तार. तिला हात लावला तरी चालतो. बंधूंनो, ही समजूत सोडून द्या.

सिंगल फेजला दोन तारा. फेजमधून वीज येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. जोवर परतीची वाट अखंड आहे, तोवर न्यूट्रलवर ताण नसतो. पण न्यूट्रल कुठं तुटली, तर पेटलेल्या दिव्यातून आलेली वीज त्या तुटलेल्या टोकाशी येऊन थांबते, आणि तिथं २३० व्होल्टचा झटका तयार असतो. दिवा विझलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं लाईट गेली.

आता अर्थ. आपल्या मराठीत अर्थ म्हणजे शब्दाचं मर्म. इंग्रजीत अर्थ म्हणजे पृथ्वी, जमीन. अर्थिंगची तार वीज परत नेण्यासाठी नसते. मोटारीच्या लोखंडी अंगाला कधी वीज लागलीच, तर ती जमिनीत निघून जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ती असते. म्हणून न्यूट्रल वेगळी आणि अर्थ वेगळा. काही ठिकाणी न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून, नाहीतर बोअरच्या पाइपाला तार बांधून दिवा लावतात. अशा वेळी त्या सळईभोवतीची ओली जमीनच वीज धरते. तिथं आधी जनावर दगावतं, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. ते कोसळलं की आपण सोडवायला धावतो, आणि आपणही सापडतो.

तारांचे रंग ध्यानात ठेवा. लाल, पिवळा, निळा या तीन फेजा. स्टार्टरवर आर, वाय, बी अशी तीन अक्षरं असतात, ती याच रंगांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं. काळी तार न्यूट्रलची आणि हिरवी तार अर्थची. पण रंगावर विश्वास ठेवून हात लावू नका. आधीच्या माणसानं हाताशी होती ती तार जोडलेली असू शकते.

पंपघरात ई.एल.सी.बी. नावाची पेटी बसवून घ्या. आता ती आर.सी.सी.बी. या नावानंही मिळते. जमिनीकडं वीज गळू लागली की ती स्वतःहून बंद होते. माणसाच्या रक्षणासाठीची पेटी ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे अँपिअरचा शंभर भाग केले तर त्यातले तीन. साडेसात अँपिअर ओढणाऱ्या मोटारीच्या करंटचा हा अडीचशेवा हिस्सा. एवढीशी गळतीही माणसाला घातक आहे, म्हणून ती पेटी तेवढ्यावर बंद होते. तिच्यावर टी अक्षराचं किंवा टेस्ट लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पेटी खट्कन बंद झाली पाहिजे. झाली नाही तर ती बदला.

पाटी कशी वाचावी

आता मोटारीवरची पत्र्याची पाटी पुसून घ्या. अक्षरं कळत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ घ्या. पोरं अक्षरं वाचतील, अर्थ तुम्ही सांगा.

एच.पी. म्हणजे हॉर्सपॉवर आणि के.डब्ल्यू. म्हणजे किलोवॅट. दोन्ही मोटारीची ताकदच सांगतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणून ५ हॉर्सपॉवरच्या मोटारीवर ३.७ किलोवॅट असं लिहिलेलं दिसेल.

व्ही म्हणजे व्होल्ट. दोन बोटं फाकवली की होतं तसं हे अक्षर. ए म्हणजे अँपिअर. मधे आडवी पट्टी असलेल्या घडीच्या शिडीसारखं हे अक्षर. या ए पुढचा आकडा पाटीवर सर्वात महत्त्वाचा. पंपघराच्या भिंतीवर तो रंगानं मोठा लिहून ठेवा. पाणबुडी मोटारीचा आकडा तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या साध्या मोटारीपेक्षा जास्त असू शकतो, म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका.

पी.एच. आणि पुढं ३, म्हणजे तीन फेज. एच.झेड. आणि पुढं ५०, म्हणजे हर्ट्झ. हेही जर्मनीच्या एका शास्त्रज्ञाचं नाव. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झचीच असते. आर.पी.एम. म्हणजे मिनिटाचे फेरे.

पंपाच्या पाटीवर हेड हा शब्द असतो. हेड म्हणजे इथं डोकं नव्हे, पाणी किती मीटर उंच चढवायचं तो आकडा. पाण्याच्या पातळीपासून पाणी पडतं त्या तोंडापर्यंतची उंची धरा, आणि पाइपातल्या घर्षणासाठी त्यात वाढ धरा. जास्त हेडचा पंप घेतला की चांगला, असं नाही. जास्त हेडचा साधा पंप कमी उंचीवर चालवला, तर तो पाणी जास्त फेकतो आणि मोटारीवर भार चढतो. अँमीटर ते लगेच दाखवतो.

स्टार्टरवरचे शब्द

ट्रिप : आपल्याला ट्रिप म्हणजे मुलांची सहल, नाहीतर ट्रॅक्टरची एक खेप माहीत. पण इंग्रजीत ट्रिप म्हणजे ठेच लागणंही होतं. स्टार्टर ट्रिप झाला म्हणजे ठेच लागून थांबला. ठेच कशाची ते आधी बघायचं.

रिसेट : पुन्हा पहिल्या जागी बसवणं. ट्रिप झाल्यावर दहा मिनिटं थांबा, व्होल्टेज बघा, तिन्ही फेज आहेत का बघा, मगच रिसेट दाबा. दोनदा ट्रिप झाला तर तिसऱ्यांदा दाबू नका, वायरमनला बोलवा.

ओव्हरलोड : जादा भार. रिलेचा काटा पाटीवरच्या अँपिअरच्या आकड्यावर ठेवायचा. मात्र स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा अशा जागी असतो की त्यातून एकूण करंटचा ५८ टक्केच भाग जातो. म्हणजे ७.५ अँपिअरच्या मोटारीला काटा साधारण ४.३ वर येतो. आपला स्टार्टर कुठल्या प्रकारचा आहे ते वायरमनला विचारून मगच काटा लावून घ्या.

सिंगल फेजिंग : याचा अर्थ सिंगल फेजची मोटार असा नाही. तीन फेजांपैकी एक गेली आणि मोटार उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहिली, असा आहे. उरलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो. आवाज बदलतो. लगेच बंद करा. यासाठी प्रिव्हेंटर मिळतो. प्रिव्हेंट म्हणजे अटकाव करणं.

फ्यूज : इंग्रजीत फ्यूज होणं म्हणजे वितळणं. वितळण्यासाठीच ती तार आहे. तिच्या जागी तांब्याची जाड तार घातली तर ती वितळणार नाही, मोटार वितळेल.

ऑटो : आपोआप. वीज आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच सोयीचा वाटतो. पण एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर डीपीच जळते आणि सगळ्यांचंच पाणी थांबतं. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहापट-सातपट करंट ओढू शकते.

ज्यांनी २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेतून किंवा २०२४ च्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून सौर पंप घेतला आहे, त्यांनी डी.सी. ही अक्षरं ओळखावीत. पॅनेलकडून येणारी वीज डी.सी. असते, एकाच दिशेनं वाहणारी. कंट्रोलरवर ऑफ केलं तरी पंप थांबतो, पॅनेलच्या तारा मात्र ऊन असेपर्यंत जिवंतच असतात. त्यांची जोडणी आपण सोडवू नये.

तक्रार कशी सांगावी

"लाईट नाही" एवढं सांगितलं तर लाइनमनला काहीच कळत नाही. वीज अजिबात नाही, एक फेज नाही, व्होल्टेज कमी आहे, की डीओ पडला आहे, यातलं नेमकं काय ते सांगा. डीओ म्हणजे डीपीवर लटकणारा, फ्यूज उडाला की खाली पडणारा दांडा. १९१२ या क्रमांकावर तक्रार देताना व्होल्टमीटरवरचा आकडा सांगा. मोटार दुरुस्तीला नेण्याआधी पाटीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. दुरुस्तीहून आली की अँमीटर बघा. पाटीवरच्या आकड्यापेक्षा करंट जास्त दिसला, तर तिथल्या तिथं विचारा. आकडा घेऊन बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सहजासहजी फसवत नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. मोटार घुरघुरते तेव्हा व्होल्टेज कमी आणि करंट जास्त असतो. रिलेचा काटा वाढवू नका.

२. विजेच्या भाषेत क्लोज म्हणजे चालू. आपण फक्त चालू आणि बंद म्हणायचं.

३. न्यूट्रल म्हणजे निर्धोक नव्हे, आणि अर्थ म्हणजे न्यूट्रल नव्हे.

४. काम सुरू करण्याआधी फ्यूज काढून आपल्या खिशात.

५. पाटीवरचा अँपिअरचा आकडा पंपघराच्या भिंतीवर.

बंधूंनो, हे शब्द घरातल्या सगळ्यांना सांगा. पंप चालू-बंद करायला पुष्कळदा घरची बाई किंवा पोरगं जातं, आणि घात त्यांचाही होऊ शकतो. आज संध्याकाळी ओला फडका नको, कोरडा घ्या, मेन स्विच बंद करा, आणि मोटारीची पाटी पुसून वाचा.

बरं तर, रामराम.